रात्रीचे एकत्र जेवण जमत नाही. मुलाच्या वजनासाठी काय करावे?

सिंहगडरोड_आई:
नमस्कार. माझा मुलगा 9 वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात ताप आला म्हणून त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा त्यांनी त्याची उंची आणि वजन तक्त्यावर मांडून दाखवले. तो जादा वजनाच्या रेषेच्या वर गेला आहे. त्यांनी वजनासाठी औषध दिले नाही, पथ्याचा कागदही दिला नाही. घरात सगळे एकत्र जेवता का, एवढेच विचारले, आणि मला पटकन उत्तर देता आले नाही.

आमच्याकडे चार माणसे चार वेळांना जेवतात. मुलाला सासूबाई साडेसातला टीव्हीसमोर भरवतात, स्वतः साडेआठला जेवतात, मी हिंजवडीहून आल्यावर ओट्याशी उभ्यानेच चार घास खाते आणि नवरा दहानंतर मोबाइल बघत जेवतो. शाळेतून आल्यापासून मुलाचे खारी, बिस्किटे, फरसाण असे काही ना काही चालूच असते, त्यामुळे साडेसातला त्याला पोळी-भाजी नको असते आणि शेवटी तूप-साखरेच्या पोळीवर तडजोड होते. नोकऱ्यांच्या या वेळांत एकत्र जेवण बसवायचे कसे, आणि त्याने खरोखर फरक पडतो का?

आहारतज्ज्ञ_कोथरूड:
फरक पडतो, पण तो किती हे नीट समजून घ्यावे. 2011 साली ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात 17 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, ज्यात सुमारे 1 लाख 82 हजार मुलांची माहिती होती. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा कुटुंबासोबत जेवणाऱ्या मुलांमध्ये, त्याहून कमी वेळा जेवणाऱ्यांच्या तुलनेत, वजन जादा असण्याची शक्यता 12 टक्क्यांनी कमी आणि अरबट-चरबट खाण्याची शक्यता 20 टक्क्यांनी कमी आढळली. एकत्र जेवणाऱ्या घरांना मुळातच थोडी अधिक सवड असू शकते, त्यामुळे हा सगळा परिणाम केवळ जेवणाचा आहे असे म्हणता येत नाही. मात्र ‘तीन’ हा आकडा तुमच्या सोयीचा आहे, कारण ते रात्रीचेच जेवण असले पाहिजे असे नाही.

माझ्या मते तुमची खरी अडचण साडेसात वाजता नसून पाच वाजता आहे. भूक लागलेल्या मुलाला पाच वाजता उसळ, धिरडे किंवा दुपारच्या पोळीचा कुस्करा असे खरे अन्न बसवून द्या आणि त्यानंतर जेवणापर्यंत मधले खाणे बंद ठेवा. काय आणि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाला ठरवू द्यावे. पडद्याकडे बघत असताना कोणी भरवत असेल, तर पोट भरल्याची जाणीव त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि वजनाचा विषय ताटावर मुळीच काढू नका.

नऱ्हेकर_बाबा:
आमचीही हीच गत होती, म्हणून आम्ही सकाळ धरली. शाळेची बस सव्वासातला येते, त्यामुळे पावणेसातला चौघे बसतो; कधी उपमा, कधी रात्रीची ज्वारीची भाकरी आणि दही. पहिले दोन आठवडे सगळे पेंगत होते हे कबूल करतो. फरसाणाचा डबा आम्ही वरच्या फळीवर ठेवला होता, पण मुलीने स्टूल लावून तो काढला, म्हणून आता आणतच नाही. त्याचा सर्वांत जास्त त्रास मला झाला.

आजी_कर्वेनगर:
ताई, सासूबाईंना बोल लावू नका. मीही नातवाला आठ वर्षांचा होईपर्यंत भरवत होते, कारण मूल दिवसभर उपाशी राहिले तर संध्याकाळी मलाच विचारतील अशी धास्ती असायची. सुनेने मला ‘भरवू नका’ असे कधी म्हटले नाही. तिने माझे काम बदलले आणि वाढायची जबाबदारी माझ्याकडे दिली. भाजी आधी अर्धा डावच वाढायची आणि मागितली तर पुन्हा. ‘पानात टाकायचे नाही’ हा आमच्या घरचा नियम पक्का होता आणि वर सांगितलेले ‘किती ते मुलाने ठरवावे’ मला सुरुवातीला पटले नव्हते, पण थोडेच वाढले की दोन्ही गोष्टी जमतात. एक स्पष्टच बोलते, राग मानू नका: आई ओट्याशी उभ्याने जेवते हेही ते पोर रोज पाहते.

पिंपळे_सौदागर:
नऊ वर्षांच्या मुलाचे हे बाळसे आहे, उंची वाढली की आपोआप उतरेल. उगाच काळजी करू नये.

आहारतज्ज्ञ_कोथरूड:
असे गृहीत धरू नये. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात, आपली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी असूनही त्यांच्या अंगावर त्या मानाने चरबी अधिक असल्याचे दिसले. म्हणूनच आपल्या मुलांच्या वाढत्या वजनाकडे लवकर लक्ष द्यावे लागते. उंची वाढत असताना वजन स्थिर राहिले तरी या वयात पुष्कळ आहे. मुलाला उपाशी ठेवण्याची गरज नाही.

सिंहगडरोड_आई:
सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. आम्ही बुधवारची सकाळ, शनिवारची रात्र आणि रविवारची दुपार ठरवली. पहिली अडचण अशी निघाली की जेवणाचे टेबल जेवणासाठी मोकळेच नव्हते. त्यावर इस्त्रीचे कपडे, लॅपटॉप आणि गेल्या गणपतीतल्या आरासीची खोकी होती. सासूबाईंनी वाढण्याचे काम आनंदाने घेतले, भरवणे मात्र अजून सुटलेले नाही. मधल्या वारी साडेसातला चालूच असते, फक्त टीव्ही बंद असतो. वजन मुद्दाम केलेले नाही. गेल्या रविवारी गवारीची भाजी होती. मुलाने अर्धा डाव संपवला आणि बाबांच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाला, “आजी, बाबांनी गवार टाकली.” नवऱ्याने खाली मान घालून ती खाल्ली. बुधवारी मात्र तो अजून उठत नाही, तेव्हा तिघेच बसतो.