मदत हवी आहे : डॅनिशमधील उभयान्वयी अव्यये आणि क्रियापदाची जागा

नमस्कार मंडळी,

मी डेन्मार्कमधील आरहूस शहरात राहते आणि येथील भाषावर्गात डॅनिश शिकते. सध्या आम्ही दोन साधी वाक्ये जोडायला शिकत आहोत. ऑ (आणि), मेन (पण), एलर (किंवा), फॉर (कारण) आणि सॉ (म्हणून) ही पाच अव्यये लगेच पाठ झाली, मात्र त्यांच्यानंतर कर्ता आधी येणार की क्रियापद, याचा उलगडा होत नाही. डॅनिश शब्द उच्चाराच्या शक्य तितके जवळ जातील अशा बेताने देवनागरीत लिहीत आहे.

पहिली शंका 'ऑ'विषयी आहे. 'ई डे आर्बायदर याय, ऑ ई मॉर्न हार याय फ्री' (आज मी काम करते आणि उद्या मला सुटी आहे) या वाक्यात 'ऑ'नंतर क्रियापद 'हार' कर्त्याच्या, म्हणजे 'याय'च्या, आधी आले आहे. उलट 'याय आर्बायदर, ऑ हान हार फ्री' (मी काम करते आणि त्याला सुटी आहे) यात कर्ता 'हान' आधी आहे. एकाच अव्ययानंतर हे दोन क्रम कसे येतात?

दुसरी शंका 'सॉ'ची आहे, कारण कधी 'सॉ याय टार बुसन' तर कधी 'सॉ टार याय बुसन' असे वाचनात येते, आणि दोन्ही बरोबर असल्याचे शिक्षिका सांगतात.

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'फॉर' आणि 'फॉर्दी' या दोहोंसाठी मराठीत 'कारण' हेच अव्यय येते. मग एका ठिकाणी 'इग' (नाही) क्रियापदानंतर आणि दुसऱ्या ठिकाणी आधी का येते? डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या किंवा ही भाषा शिकलेल्या सभासदांनी कृपया उदाहरणांसह मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

ताई, आपल्या तिन्ही शंकांचे मूळ एकच आहे. डॅनिशच्या साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या स्थानी असते आणि पहिल्या स्थानी कर्ता, कालदर्शक शब्द किंवा अन्य काहीही येऊ शकते. आपण विचारलेली पाचही अव्यये या मोजणीत धरली जात नाहीत. पॉल डिडेरिकसेन या डॅनिश व्याकरणकारांनी विसाव्या शतकात वाक्यरचनेचा जो तक्ता मांडला, त्यात जोडणाऱ्या शब्दाला वाक्याच्या पहिल्या स्थानाच्याही अलीकडे स्वतंत्र घर दिलेले आहे. त्यामुळे 'ऑ' बाजूला ठेवून मोजा : 'ई मॉर्न' पहिले, 'हार' दुसरे आणि मग कर्ता; दुसऱ्या वाक्यात 'हान' पहिले, 'हार' दुसरे. क्रम 'ई मॉर्न'मुळे बदलला आहे, 'ऑ'चा त्यात काहीही हात नाही.

'सॉ'च्या बाबतीत मात्र एकाच रूपाचे दोन वेगळे शब्द आहेत. 'दे राइनर, सॉ याय टार बुसन' म्हणजे 'पाऊस पडतो आहे, म्हणून मी बसने जाते'. हे उभयान्वयी अव्यय असल्याने मोजणीबाहेर राहते. 'सॉ टार याय बुसन' म्हणजे 'मग मी बसने जाते'. हे क्रियाविशेषण असल्याने ते स्वतःच पहिले स्थान घेते आणि कर्त्याला क्रियापदामागे जावे लागते. ओळखण्याची खूण अशी की, 'मग' या अर्थाच्या 'सॉ'पूर्वी 'ऑ' सहज बसतो : 'ऑ सॉ टार याय बुसन'. मनात 'म्हणून' आहे की 'मग', हे आधी ठरवले की मराठी माणसाला येथे अडण्याचे कारण उरत नाही.

आता 'फॉर' आणि 'फॉर्दी'. आपण शाळेत उभयान्वयी अव्ययांचे प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक असे दोन गट शिकलो आणि त्यात 'कारण' दुसऱ्या गटात घातले होते. मराठीत हा भेद परीक्षेपुरता राहतो, कारण वाक्य प्रधान असो वा गौण, 'नाही' आपली जागा सोडत नाही. डॅनिशमध्ये मात्र तो शब्दक्रमात उघड दिसतो. 'याय ब्लिर येमे, फॉर याय एर इग रास्क' आणि 'याय ब्लिर येमे, फॉर्दी याय इग एर रास्क' या दोन्ही वाक्यांचा अर्थ 'मी घरी थांबते, कारण मला बरे नाही' असाच आहे. 'फॉर' दोन समान दर्जाची प्रधान वाक्ये जोडतो, म्हणून 'एर' दुसऱ्या स्थानी आणि 'इग' त्याच्या मागे. 'फॉर्दी' गौण वाक्य आणतो आणि गौण वाक्यात 'इग' क्रियापदाच्या आधी सरकतो. शिवाय 'फॉर्दी'चे वाक्य सुरुवातीला ठेवता येते, 'फॉर'चे येत नाही, आणि 'का?' या प्रश्नाला एकट्या 'फॉर'ने उत्तर देता येत नाही.

स्वल्पविरामाचेही सांगतो. 'ऑ'नंतर स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेले पूर्ण वाक्य येत असेल, तर त्यापूर्वी स्वल्पविराम द्या. कर्ता गाळून नुसते क्रियापद जोडले असेल, तर देऊ नये. 'मेन'पूर्वी तो नेहमीच द्यावा.

मूळ धागालेखिका :

मनःपूर्वक आभार. स्थानांच्या मोजणीमुळे पहिल्या दोन शंका पूर्ण मिटल्या. मात्र शेजारी राहणाऱ्या आजी 'फॉर्दी याय एर इग रास्क' असेच म्हणतात. तसेच 'सॉ'नंतरही 'इग' क्रियापदाच्या आधी आलेला मी वाचला आहे. हे कसे?

प्रतिसाद :

बोलण्यात 'फॉर्दी'नंतर प्रधान वाक्याचा क्रम सर्रास ऐकू येतो आणि आजींच्या तोंडी तो अगदी स्वाभाविक आहे. लेखी परीक्षेत मात्र 'इग' आधीच ठेवावा.

'सॉ'चा आणखी एक उपयोग हेतू सांगण्यासाठी होतो आणि तेथे तो गौण वाक्य आणतो. 'याय टार बुसन, सॉ याय इग ब्लिर वॉध' म्हणजे 'मी बसने जाते, म्हणजे भिजणार नाही'. येथे 'इग' आधी आहे. 'दे राइनर, सॉ याय स्यूक्लर इग' म्हणजे 'पाऊस पडतो आहे, म्हणून मी सायकलने जात नाही'; येथे परिणाम सांगितला आहे, म्हणून 'इग' नंतर आहे. सरावासाठी नकारार्थी वाक्येच निवडा. साध्या होकारार्थी वाक्यात 'इग' नसल्याने हे दोन्ही 'सॉ' बहुधा सारखेच दिसतात आणि वाक्य प्रधान आहे की गौण, हे नुसत्या शब्दक्रमावरून सहसा कळत नाही.