फीत कापून झाली, आता फिल्टर कोण बदलणार?

शाळेची_घंटा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे एकविसावं वर्ष. जुलै लागला की आमच्याकडे दोघं हमखास यायचे, पाऊस आणि पाहुणे. पावसाचं आता काही सांगता येत नाही.

शहरातल्या समाजसेवी क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. रोटरी घ्या, लायन्स घ्या, अध्यक्ष एका वर्षाचा. पदग्रहण झालं, अध्यक्षपदाची कॉलर एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली की नव्या माणसाला 'आपला' प्रकल्प हवा असतो. आधीच्याचा पुढे चालवला तर फ्लेक्सवर छापणार काय?

आमच्या व्हरांड्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. स्टीलचं, तीन तोट्यांचं, एका क्लबने चार वर्षांपूर्वी दिलेलं. उद्घाटनाला मुलं साडेनऊपासून रांगेत बसलेली आणि पाहुणे आले पावणेबाराला. फीत कापली, पहिला पेला पाहुण्यांनी घेतला, मुलांना पेढे वाटले. दहाएक महिन्यांत धार करंगळीएवढी झाली, मग थेंब थेंब, मग तेही नाही. आतलं पाणी गाळणारं मेंब्रेन बदलायचं होतं. मेकॅनिकने साडेतीन-चार हजार सांगितले. शाळेच्या अनुदानातून वीजबिल भागवता भागवता नाकी नऊ येतात, हे कुठून काढणार? क्लबला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, तो मागच्या टर्मचा प्रोजेक्ट." आता त्या यंत्रावर आम्ही हजेरीची रजिस्टरं ठेवतो. उंची अगदी बरोबर आहे.

याच चार वर्षांत दप्तरं दोनदा मिळाली. वह्या दरवर्षी, कव्हरवर अध्यक्ष हसताहेत. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी मात्र मीच हार्डवेअरच्या दुकानातून आणून बसवली. पस्तीस रुपये.

माझं म्हणणं सरळ आहे. क्लबांनी एक वर्ष नवा प्रकल्प घेऊच नये. मागच्या पाच वर्षांत जे जे दिलं ते चालू करून दाखवावं. देखभालीचे पैसे द्यायचे नसतील तर वस्तूही देऊ नये. बोला.

माजी_अध्यक्ष

ताई, तुमच्या शाळेला यंत्र देणारा क्लब माझा नाही, पण टोपी माझ्याही डोक्याला बसते म्हणून लिहितो.

मी दुकानदार आहे. अध्यक्ष होतो त्या वर्षी महिन्यातले सहा-सात दिवस गल्ल्यावर नव्हतो. वर्गणी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं. घरी बायको म्हणायची, तिकडेच जेवा. आणि बाहेर ऐकायचं काय, तर 'फोटोवाले'!

आता तुमचा एक वर्षाचा मुद्दा. रोटरीने पोलिओचं काम १९८५ मध्ये अंगावर घेतलं. भारतातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण हावड्याचा, १३ जानेवारी २०११. पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ ला मिळालं. म्हणजे शेवटच्या रुग्णापर्यंतच २६ वर्षं. तेवढ्यात प्रत्येक क्लबात २६ अध्यक्ष बदलले असतील. बूथवर थर्मासचे डबे कोणी पोचवले? बोटावर शाई लावायला रविवारी कोण बसलं? एका वर्षाची खुर्ची इतकी वाईट असती तर हे झालं नसतं.

आणि रागावू नका, पण एक विचारतो. यंत्र घेताना शाळेने 'नको' का नाही म्हटलं? किंवा 'देखभालीचं लिहून द्या' असं तरी?

करदाता_क्र_१

मूळ प्रश्न वेगळाच आहे. मुलांना प्यायचं पाणी देणं हे काम जिल्हा परिषदेचं. तुम्ही यंत्र दिलंत की तिकडे फाइल बंद होते, 'पाण्याची सोय: उपलब्ध'. पुढची चार वर्षं ते यंत्र बंद असलं तरी कागदावर सोय उपलब्धच. क्लबाची सेवा म्हणजे सरकारला मिळालेली सुट्टी.

कंपन्यांचं वेगळं सांगायला नको. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर घालावे लागतात. तो पैसाही पुन्हा दप्तरांवरच. एकेका पोराला तीन दप्तरं, आणि वर्गाला शिक्षक अर्धा.

शाळेची_घंटा

@माजी_अध्यक्ष, 'नको' म्हणायची सोय असते असं तुम्हाला वाटतं, त्याचा हेवा वाटला. आधी वरून फोन येतो, "अमुक क्लबचे लोक येताहेत, नीट बघा." वर्षाअखेरीला लोकसहभागातून काय काय मिळालं ते अहवालात लिहायचं असतं. रकाना रिकामा ठेवला तर मुख्याध्यापकांनाच विचारणा. त्यामुळे आलेली वस्तू घ्यायची, हार घालायचा, मुलांकडून स्वागतगीत म्हणवून घ्यायचं.

पोलिओचं मान्य, शंभर टक्के मान्य. पण ते काम टिकलं कारण ते वरून ठरलेलं होतं. कोणत्याही अध्यक्षाला 'यंदा पोलिओ नको, यंदा मी काहीतरी वेगळं करतो' म्हणता येत नव्हतं. शिवाय लस, ती थंड ठेवणारी शीतसाखळी आणि घरोघर फिरणारी अंगणवाडीताई सरकारची होती. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने पडतंय.

माळावरचा

झाडांचं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो.

१ जुलैला क्लबांचं नवं वर्ष, त्याच आठवड्यात वनमहोत्सव (कन्हैयालाल मुनशींनी १९५० मध्ये सुरू केलेला). योग कसा जुळलाय बघा. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं गाड्या भरून येतात ती थेट आमच्या माळावर. मोकळी जागा दिसली की यांना ती ओसाडच वाटते. अहो, ते गवत आहे. त्यात चिंकारा चरतो, लांडग्याची बिळं आहेत, धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. दिवाळीनंतर धनगरांची मेंढरं तिथे उतरतात. तिथे खड्डे खणून गुलमोहर लावायचे! मादागास्करचं झाड, चार वर्षांत फुललं की सगळे खूश.

राज्य सरकारही त्यातलंच. २०१६ ला दोन कोटी झाडांनी सुरुवात केली, २०१९ ला आकडा तेहतीस कोटींवर नेला.

एक बरं आहे, यातली बहुतेक रोपं मार्चमध्ये मरतात. माळ वाचतो.

चहाटळ

@माळावरचा, म्हणजे क्लब पाणी घालत नाहीत हीच त्यांची खरी पर्यावरणसेवा. :)

ओ_निगेटिव्ह

रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलणार आहे.

आमच्याकडे शिबिरांची गर्दी कधी होते? २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, गणपती आणि नेत्यांचे वाढदिवस. एका दिवसात चार-चार शिबिरं. आता हिशेब बघा. साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं, वेगळ्या काढलेल्या लाल पेशी ४२ दिवस, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. २६ जानेवारीची पिशवी मार्च अर्धा सरायच्या आत बाद. आणि दात्याला पुन्हा रक्त द्यायला पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस थांबावं लागतं. १५ ऑगस्टला अख्ख्या गावाने रक्त दिलं की त्यातलं कोणीही नोव्हेंबर मध्यापर्यंत देऊ शकत नाही. तोवर बहुतेक वर्षी दिवाळी येऊन गेलेली असते, आणि दिवाळीत आमचा फ्रीज रिकामा. तसाच मे महिना. कॉलेजं बंद, लोक गावाला, लग्नसराई. थॅलेसेमियाच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) मुलांना मात्र दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका बापाला "उद्या या" असं सांगायची वेळ आली होती. पोरगी त्याच्या खांद्यावर झोपलेली. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे एक क्लब असा आहे की त्यांनी येऊन आधी विचारलं, "तुम्हाला कधी हवंय?" तेव्हापासून मेचा दुसरा रविवार त्यांचा. नऊ वर्षं झाली. ऊन असतं, दाते कमी येतात, पन्नास-साठ पिशव्या मिळतात. पेपरात बातमी येत नाही. पण त्या साठ पिशव्या मला १५ ऑगस्टच्या तीनशेंपेक्षा मोलाच्या. अध्यक्ष नऊ झाले. तारीख आमच्या डायरीत असते म्हणून टिकली. अध्यक्षांच्या डायरीत असती तर दुसऱ्याच वर्षी बदलली असती.

वाशिष्ठीकाठ

मला धागाकर्त्या ताईंचं पटत नाही. सगळंच टिकाऊ कशाला हवं?

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१. बाजारपेठेतल्या आमच्या घरात पाणी माळ्याला लागलं होतं. ओसरल्यावर आत गेलो तर गुडघाभर चिखल. फ्रीज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकलेला, आत जायला वाटच नाही. चिखल वाळायला लागला की तो निघत नाही, खरवडावा लागतो. दिवस मोजून काम असतं.

पाचव्या दिवशी घाटावरून पंधरा-वीस पोरं आली. फावडी, घमेली, जनरेटर आणि पाण्याचा प्रेशर पंप सगळं स्वतःचं. डबेही स्वतःचे. दोन दिवसांत आमची आळी रिकामी केली. एकजण वायरमन होता, त्याने घरोघरचे मीटर उघडून सुकवून दिले. कुठल्या मंडळाची होती तेही धड कळलं नाही, टी-शर्टवरचं नाव चिखलात गेलेलं. पुन्हा कधी आली नाहीत. येऊ पण नयेत, परत पूर नको बाबा.

ते काम दोन दिवसांचं होतं आणि तेवढंच हवं होतं. त्यांना मी पाच वर्षांची देखभाल मागू? हां, त्याच आठवड्यात जुन्या कपड्यांचे गठ्ठेही आले. चिखलाने भरलेल्या घरात जरीचा ब्लाउज आणि एका पायाचा बूट. ते आम्हालाच उचलून टाकावे लागले. फरक टिकण्याचा नाही, विचारून येण्याचा आहे. ओ_निगेटिव्ह म्हणतायत तेच.

माजी_अध्यक्ष

@ओ_निगेटिव्ह, मेचा दुसरा रविवार लिहून घेतला. आमच्या इथल्या रक्तपेढीला उद्याच विचारतो.

@करदाता_क्र_१, तुमच्यासाठी एक जुनी गोष्ट. रोटरी १९०५ ला शिकागोत सुरू झाली ती धंद्याच्या ओळखीपाळखींसाठी, हे आम्हीही लपवत नाही. पहिलं समाजकार्य १९०७ चं. कसलं? सार्वजनिक शौचालयाचं! तेव्हाही कोणीतरी म्हटलंच असेल, हे काम नगरपालिकेचं.

करदाता_क्र_१

@माजी_अध्यक्ष, गोष्ट अर्धी सांगितलीत. ते शौचालय क्लबाने स्वतःच्या पैशाने बांधून वर पाटी लावली नाही. इतर संस्थांना सोबत घेऊन महापालिकेच्या मागे लागले आणि महापालिकेकडून करून घेतलं. मी वेगळं काय म्हणतोय? तुमच्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, सीए आहेत. शहरातला प्रत्येक अधिकारी तुमच्या कोणा ना कोणाच्या घरी जेवलेला. चार जणांनी मिळून शिक्षण विभागात जाऊन विचारा, या भागातल्या किती शाळांत नळाला पाणी येतं? एक फेरी मारा. दप्तरांपेक्षा स्वस्त पडेल.

माजी_अध्यक्ष

तक्रार घेऊन गेलो की आम्ही 'राजकारणी' होतो, साहेब. क्लबात सगळ्या पक्षांचे लोक असतात. शिवाय त्याच कार्यालयात उद्या आमचीच बांधकामाची, दुकानाची फाइल असते. खरं ते सांगितलं.

आणि देखभालीचं अवघड दुखणं ताईंना कळावं म्हणून लिहितो. यंत्राला देणगीदार एका फोनवर मिळतो. 'चार वर्षांच्या फिल्टरसाठी पैसे द्या' म्हटलं की तोच माणूस मीटिंगमध्ये असतो. फिल्टरवर आजोबांचं नाव कसं लावणार? रोटरीच्या मोठ्या, ग्लोबल ग्रँटच्या (आंतरराष्ट्रीय निधीच्या) प्रकल्पांना हा रोग नाही. तिथे आधी गावाची गरज तपासावी लागते, पुढे ते चालणार कसं हे लिहून द्यावं लागतं. पण तो प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा असावा लागतो.

चहाटळ

मेंब्रेन चार हजार रुपयांचं आहे साहेब. डॉलर मोडून द्या.

माजी_अध्यक्ष

हसा. ताई, वाद बाजूला ठेवू. यंत्र माझ्या क्लबाचं नाही, तरी आमच्यातला एकजण याच धंद्यात आहे. ताशी किती लिटरचं आहे आणि मॉडेल नंबर काय, तेवढं कळवा. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो. फोटो काढणार नाही, हवं तर लिहून देतो.

शाळेची_घंटा

मनापासून आभार. आज मधल्या सुट्टीत बघितलं. रजिस्टरं काढली, पुसून घेतलं. मॉडेल नंबरचं स्टिकर पुढच्या बाजूला आहे, पण त्यावरच सौजन्याची पितळी पाटी रिव्हेट मारून बसवलीय. खालून फक्त शेवटचे दोन आकडे दिसतात, ४ आणि ०.

मुख्याध्यापकांना म्हटलं, पाटी काढू या. ते म्हणाले, आधी देणगीदारांची लेखी परवानगी घ्या.