एमबीबीएस झालेल्या पोरीनं बायोएथिक्सच्या नादी लागावं का?

गोदाकाठचा मामा:
भाचीची इंटर्नशिप संपत आली. घरात पीजीच्या नीटचं चाललंय, अन् ही म्हणायलीय बायोएथिक्स, म्हणजे वैद्यकीय नीतिशास्त्र, करायचं. मंगळूरला येनेपोया विद्यापीठात त्याचा पीजी डिप्लोमा आहे. माझं मत: हा पोट भरलेल्यांचा विषय. लातूरला दोन वर्षं मेसचं खाऊन जिनं नीट काढली, तिनं आता योग्य-अयोग्यावर निबंध लिहायचे? आपल्याकडं डॉक्टर कमी आहेत की नीतिशास्त्रज्ञ? विरोधात खुशाल बोला, पण पगार सांगून.

पळसपान:
बीड विसरलात? २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं होतं, जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या गर्भपिशव्या काढल्या. त्यात ऊसतोड बाया किती, हे निराळं सांगायला नको. कागदावर संमतीची सही असतेच. पण अंगावर उचल, एक दिवस पडून राहिलं तर मुकादमाचा खाडा, म्हणजे दंड, वरून डॉक्टरनं घातलेली कॅन्सरची भीती. अशा वेळी केलेल्या सहीला संमती म्हणायचं का? बायोएथिक्स म्हणजे हेच, निबंध नव्हे.

बांधावरचा:
दुखणं बरोबर, औषध चुकीचं. ते प्रकरण पत्रकारांनी अन् बायांच्या संघटनांनी बाहेर काढलं, मग नीलम गोऱ्हे यांची समिती बसली. डिप्लोमावाला तिथं काय करणार होता? खाडा बंद करा, उसाच्या फडावर पाणी अन् संडास द्या. हा मजुरीचा प्रश्न आहे, त्याला इंग्रजी नाव कशाला?

पळसपान:
बरं, पुढं काय झालं? पिशवी काढायच्या आधी सिव्हिल सर्जनची परवानगी. म्हणजे जिला खरंच गाठी आहेत, अंगावरून जाऊन जी पांढरीफटक पडलीय, तिनंही साहेबाच्या सहीसाठी थांबायचं. लुटीपासून वाचवताना तिच्याच शरीराचा निर्णय तिच्या हातातून किती काढून घ्यायचा? याचं उत्तर फडावरच्या संडासात नाही, दादा.

चाचणीवाली ताई:
पगाराचं मी सांगते. संभाजीनगरात क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे माणसांवरच्या औषध-चाचण्यांची, कोऑर्डिनेटर आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान ७ जण लागतात, निम्मे संस्थेबाहेरचे. एक वकील, एक सामान्य माणूस, एक बाई, अन् एक समाजशास्त्र नाहीतर नीतिशास्त्राकडचा. आमच्याकडं ही शेवटची खुर्ची निवृत्त प्राध्यापकाला मिळते. बैठकीचा भत्ता, चहा-बिस्किट. त्यावर घर चालत नाही, मामा म्हणतात ते खरंय.

पण कामाचं म्हणाल तर ऐका. संमतीपत्र बाहेरून भाषांतर होऊन येतं. 'आपणांस यादृच्छिक पद्धतीने एका गटात समाविष्ट केले जाईल.' जालन्याकडच्या एक आजी म्हणाल्या, "म्हंजी काय माय?" म्हटलं, चिठ्ठी टाकल्यासारखं, कुणाला कोणतं औषध ते नशिबानं ठरतं. त्या बघतच राहिल्या. "मंग डाक्टरला ठावं नाही का, मला काय द्यायचं ते?" कमिटीनं पास केलेल्या त्या चौदा पानांत या प्रश्नाचं उत्तर सापडेना.

रविवारचा डॉक्टर:
मधला रस्ता: पीएसएममध्ये (सामाजिक वैद्यकशास्त्रात) एमडी करू द्या, बायोएथिक्स सोबत. २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला एटकॉम (डॉक्टरची वृत्ती, नीती अन् संवाद) शिकवावंच लागतं. ज्याला तास नाही त्याच्या गळ्यात मारतात. मन लावून शिकवणारं कुणी मिळालं तर कॉलेज हातचं सोडणार नाही.

बांधावरचा:
म्हणजे फिरून डॉक्टरच! वर ताईंनी सांगितलेली खुर्ची तर डॉक्टरची नाहीच. आमच्या गावात एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) केलेली पोरं पतसंस्थेची वसुली करत फिरतात. बसवायचंच तर त्यांना बसवा. त्यांना फड तरी माहीत आहे.

गोदाकाठचा मामा:
पगार काही जमला नाही. भाचीला धागा पाठवला. तिचा एकच प्रश्न: आजीला शेवटी काय सांगितलं?

चाचणीवाली ताई:
खरं तेच. डॉक्टरलाही माहीत नसतं, चाचणी संपेपर्यंत मुद्दामच सांगत नाहीत. आजींनी पिशवी उचलली अन् एसटी स्टँडकडं निघाल्या. त्या महिन्यात माझं टार्गेट एकानं कमी भरलं.