मोठेपणी एडीएचडीचं निदान ऑनलाइन झालं तर गोळ्या पण ऑनलाइनच मिळतात का?

धांदरट_लातूरकर:
नमस्कार मंडळी, वय 33, आयटीत आहे, घरूनच काम. मेल अर्धा वाचून ठेवला की गेलाच, खात्यात पैसे असून लाइटबिल दंडासकट भरतो, मीटिंगमध्ये समोरचा बोलत असतो आणि मी भलतीकडेच. इथल्या एका डॉक्टरांना एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) आहे का विचारलं तर म्हणे हे लहान पोरांचं असतं. इन्स्टावर एका अ‍ॅपची जाहिरात सारखी येते, पंधरा मिनिटांत रिपोर्ट. घेऊ का? गोळ्या कुरियरने येतात का?

पुणे३०:
पंधरा मिनिटवाल्यांच्या नादी लागू नकोस रे. माझं व्हिडिओवरच झालं पण एमडी सायकिअ‍ॅट्रीवाल्या मॅडमकडे. आधी एएसआरएस म्हणून 18 प्रश्नांचा फॉर्म, तो फक्त चाळणी, त्यावरून निदान होत नाही हे त्यांनीच सांगितलं. मग पार शाळेपासून विचारलं, कारण 12 वर्षांच्या आधीपासून लक्षणं असावी लागतात आणि ती ऑफिस, घर अशी दोन्हीकडे दिसावी लागतात. झोप, थायरॉइड, डिप्रेशन, दारू सगळं विचारून घेतलं, ताईशीपण बोलल्या. दोन बैठका लागल्या, कंटाळा आला, पण त्याचेच पैसे असतात.

काउंटरच्या_आतून:
मेडिकल चालवतो म्हणून गोळ्यांचं सांगतो. मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीची नेहमीची गोळी, शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणातल्या औषधांची सरकारी यादी) येतं. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे ते ऑनलाइन लिहूनच देता येत नाही, डॉक्टर कितीही मोठा असो. समोर जाऊनच चिठ्ठी घ्यायची, तीपण दोन प्रतीत, एक आम्ही दोन वर्षं ठेवतो. ह्या मालाला वेगळं लायसन्स लागतं, कुलपात ठेवावा लागतो, म्हणून गल्लीतल्या दुकानात मिळणार नाही, आधी फोन करून विचारा. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर कुरियर करतो म्हणाला तर ब्लॉक करा सरळ. एडीएचडीचंच दुसरं औषध अ‍ॅटोमोक्सेटिन ह्यात येत नाही, ते व्हिडिओवर तपासून लिहून देता येतं, फक्त असर दिसायला काही आठवडे जातात. दोन्हींत बीपी नि नाडी बघावी लागते, घरी मशीन असेल तर बरं.

न्यूजर्सीकर:
रेडिटवरचं अमेरिकेतलं वाचून जाऊ नका. इकडे कोविडमध्ये डॉक्टरला एकदाही प्रत्यक्ष न भेटता अशा गोळ्या लिहून द्यायला सूट मिळाली आणि अ‍ॅपांचं पेव फुटलं, जून 2024 मध्ये डन नावाच्या कंपनीच्या प्रमुखाला अटकच झाली. आणि ते अ‍ॅडरॉल अ‍ॅडरॉल करतात ना, इकडची एडीएचडीची गोळी, ते तिकडे भारतात मिळतच नाही.

धांदरट_लातूरकर:
म्हणजे निदान ऑनलाइन आणि मिथाइलवालं पाहिजे असेल तर एकदा पुण्याला चक्कर. चालेल. पण आईला फोनवर घेतलं तर ती म्हणणार आमचा बाळ्या लहानपणी एकदम शांत होता 😅

पुणे३०:
शांत असणं आणि लक्ष असणं वेगळं रे, खिडकीबाहेर बघत बसणारी पोरं कुणाला त्रास देत नाहीत म्हणून सुटतात. आईला मत विचारूच नकोस, डबा किती वेळा शाळेत राहायचा ते विचार. आणि माळ्यावरची प्रगतीपुस्तकं काढ, माझ्यात पाचवीपासून "हुशार आहे पण वर्गात लक्ष नसते" हाच शेरा, मॅडमनी स्क्रीनवर मोठा करून वाचला. फोटो काढून आधीच पाठवून ठेव, नाहीतर ऐन बैठकीत शोधत बसशील.