गोळीने गुण वाढले नाहीत, म्हणून जंतांचा संबंधच नाही?
इथल्या चर्चेत एकाने लिहिलंय की जंताची गोळी देऊन मुलांचे गुण वाढत नाहीत, म्हणजे जंतांचा अभ्यासाशी काही संबंध नाही. पहिलं बरंचसं मान्य, दुसरं नाही. जंताच्या गोळीवर केनियातल्या ७५ शाळांमध्ये केलेला जो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यातही गैरहजेरी साधारण पाव हिश्श्याने घटली आणि परीक्षेचे गुण मात्र होते तिथेच राहिले. (त्या आकडेमोडीवर नंतर बराच वाद झाला, तेही खरं.)

पण इथे कुणीच न काढलेला मुद्दा असा की जंत सगळ्या मुलांत सारखे वाटलेले नसतात. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या पोटात एक तर नसतात किंवा अगदी थोडे असतात, आणि मोजक्या मुलांच्या पोटात बाकीचे सगळे. सरासरी काढली की नेमकी हीच मुलं दिसेनाशी होतात. अंकुशकृमी हे जंत आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतात. थोडे असले तर शरीर ती तूट भरून काढतं. शेकड्यांनी असले तर लोह संपत जातं, पंडुरोग (अ‍ॅनिमिया) होतो. असं मूल वर्गात पेंगतं आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. मला याचं फार वाईट वाटतं. शिवाय अल्बेंडाझोल या जंताच्या गोळीचा एक डोस गोलकृमी या प्रकारच्या जंतांवर उत्तम चालतो, पण चाबूककृमी या दुसऱ्या प्रकारावर तोकडा पडतो. आणि गोळीने जंत गेले तरी गेलेलं रक्त परत येत नाही. अशा मुलाचं हिमोग्लोबिन तपासून, कमी असेल तर लोहही द्यावं लागतं.