बाल्क म्हणजे अंपायरची लहर? काका, जरा थांबा

जर्सीकर:
काल बेसबॉलच्या धाग्यावर खडूसकाकांनी ठोकून दिलं की "बाल्क हा नियम नाही, अंपायरची लहर आहे, काढून टाका". तिथंच उत्तर लिहायला घेतलं तर फारच लांबलं म्हणून हा वेगळा धागा. काका, राग मानू नका, पण पंधरा वर्षं मॅच बघून एवढंच शिकलात? अहो बाल्क म्हणजे रनर बेसवर असताना पिचरनं, म्हणजे बॉल टाकणाऱ्यानं, केलेली त्याला चकवू शकेल अशी बेकायदा हालचाल. पहिल्या बेसवरचा रनर पळायचं की नाही हे पिचरच्या पायाकडे बघून ठरवतो. पिचर सेट झाला (टाकायच्या पवित्र्यात आला), थांबला, मग पाय प्लेटकडे, म्हणजे बॅटरकडे, टाकला तर बॉल तिकडेच गेला पाहिजे, बेसकडे टाकला तर बेसकडे. रबरवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या पट्टीवर, पाय असेपर्यंत हे पाळायचं, नसेल पाळायचं तर सरळ पाय मागे घेऊन उतरायचं. ही अट काढली तर पिचर नुसता खांदा उडवणार, रनर दचकून मागे, आणि लीड (बेस सोडून पुढे सरकणं) कुणी घेणारच नाही. शिक्षा तरी केवढी, रनरला फुकट एक बेस. फाशी देत नाहीत.

खडूसकाका:
पंधरा नाही, बावीस वर्षं. २७ सप्टेंबर २०२२, मार्लिन्स संघाचा पिचर रिचर्ड ब्लायर, समोर मेट्स. त्याआधी मेजर्समध्ये (अमेरिकेतल्या सर्वात वरच्या लीगमध्ये) नावावर एकही बाल्क नाही आणि त्या रात्री एकाच बॅटरला टाकताना तीन. तीन!! रनर पहिल्या बेसवरून फिरायला निघाल्यासारखा घरी आला, म्हणजे फुकट रन. कारण काय तर म्हणे नीट थांबत नाही. मग २०१६ पासून तसाच टाकत होता तेव्हा डोळे कुठं होते? आणि १९८८ सोयीस्कर विसरलात. नियमातल्या "पूर्ण थांबा"चं "स्पष्ट दिसेल असं पूर्ण थांबा" केलं आणि आदल्या वर्षी ३५६ असलेले बाल्क ९२४ झाले, एकट्या पिचर डेव्ह स्टुअर्टचे १६. पुढच्या सीझनला शब्द मुकाट मागे घेतला. पिचर काय एका हिवाळ्यात लबाड झाले आणि दुसऱ्यात संत?

जर्सीकर:
१९८८ गाढवपणा होता, दिलं तुम्हाला. पण म्हणून नियमच काढायचा? २०२३ ला पिचरला एका बॅटरमागे दोनदाच रबर सोडायची मुभा ठेवली, तिसऱ्यांदा बेसवर फेकून रनर आउट झाला नाही तर बाल्क. बेसच्या चोऱ्या (पिचर टाकत असताना पळून पुढचा बेस गाठणं) एका वर्षात २,४८६ वरून ३,५०३. बाल्कच्या धाकानंच ना?

खडूसकाका:
बेस १५ इंचाचे १८ इंच केले ते नाही सांगत. शिवाय पिचरला घाई करायला लावणारं ते घड्याळ. बिअरच्या लाइनीत उभं राहावं तर परत येईपर्यंत दीड इनिंग संपलेली.

लेकाची_आई:
माझा मुलगा १३ वर्षांचा, मोठ्या मैदानावर त्याचं पहिलंच वर्ष. लहान मैदानावर लीडच घेता येत नाही त्यामुळे बाल्क काय असतो हे पोरांना माहीतच नसतं आणि कोचनंही कधी शिकवलं नाही. शेवटची इनिंग, स्कोअर सारखा, तिसऱ्या बेसवर रनर. हा सेट झाला, घामानं चष्मा घसरला, एक हात काढून वर केला. बाल्क. रन. मॅच संपली. गाडीत घरी येईपर्यंत पोरगं खिडकीबाहेर बघत होतं. यात त्यानं कुणाला फसवलं ते जर्सीकरांनी सांगावं.

जर्सीकर:
ताई, वाईट वाटलं, खरंच. पण चूक कोचची आहे. बॉलवरचा हात काढायचा तर आधी रबर सोडायचा हे पहिल्या दिवशी शिकवतात.

फिरकीबाज:
तुम्ही लोक बाल्क घेऊन बसलात. तिकडे रनर पुढे सरकला की पिचर बिनधास्त बेसवर बॉल मारतो, कुणी खेळभावना काढत नाही. इकडे क्रिकेटमध्ये विनू मांकडनं १९४७ ला सिडनी टेस्टमध्ये बॉल सुटायच्या आधीच क्रीजबाहेर पडलेल्या बिल ब्राउनला रनआउट केलं, त्याच दौऱ्यात आधीच्या मॅचमध्येही त्यालाच तसंच केलं होतं, तरी पठ्ठ्या परत पुढे. आणि बदनाम कोण झालं? मांकड. २०२२ ला लॉर्ड्सवर दीप्ती शर्मानं चार्ली डीनला केलं तर तेच रडगाणं.

डावखुरा:
मांकड आणलाच आहे तर २०१९ चं जयपूर घ्या. अश्विन आला, अॅक्शन सुरू केली, मध्येच थांबला, बटलर क्रीजबाहेर गेला, बेल्स उडवल्या. बेसबॉलमध्ये हा शंभर टक्के बाल्क. सुरू केलंत की टाकायचं.

फिरकीबाज:
आले! अमेरिकेत जाऊन साहेबापेक्षा मोठे साहेब झालेत हे. अहो बेसबॉलमध्ये लीड घेणं हा रनरचा हक्क आहे म्हणून त्याला फसवायला बंदी. क्रिकेटमध्ये बॉल सुटायच्या आधी बाहेर पडायचं कामच काय? क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीनं पण ऑक्टोबर २०२२ पासून ते अनफेअर प्लेमधून काढून रनआउटच्या कलमात टाकलं. वाचा जरा.

डावखुरा:
साहेब कुणाला म्हणता? मी कोल्हापूरचा आहे, हायस्कूलपर्यंत मॅटवर लेफ्टआर्म टाकलाय. मुद्दा पटला, भाषा नाही पटली.

जर्सीकर:
मांकडसाठी वेगळा धागा काढा रे.

खडूसकाका:
राहू दे, तुमच्या धाग्यापेक्षा तेच बरं चाललंय. तुमच्या शिक्षेचं सांगतो. १४ जून २०१९, डॉजर्सच्या केनली जॅन्सननं कब्सविरुद्ध मुद्दाम बाल्क केला. दुसऱ्या बेसवरच्या रनरला कॅचरच्या खुणा दिसतील आणि तो त्या बॅटरला कळवेल म्हणून त्याला स्वतःहून तिसऱ्यावर पाठवला. आणि मॅच जिंकली. शिक्षा मागून घेतात हो लोक.

जर्सीकर:
ते झकास होतं, नाही म्हणत नाही.

लेकाची_आई:
एक शंका. पहिल्या बेसकडे बॉल न फेकता खोटं वळायचं नाही, २०१३ पासून तिसऱ्याकडेही नाही. मग दुसऱ्याकडे?

डावखुरा:
चालतं. पाऊल तिकडे टाका, बॉल नाही फेकलात तरी बाल्क नाही.

लेकाची_आई:
म्हणजे दुसऱ्या बेसवरच्या रनरला फसवलेलं चालतं आणि माझ्या पोरानं चष्मा वर केलेला चालत नाही?

खडूसकाका:
जर्सीकर?

जर्सीकर:
ऑफिसला निघालोय, संध्याकाळी लिहितो.

खडूसकाका:
रबरवरून पाय काढला बरं का. कायदेशीर आहे.