विरजण कुणाचं: आपलं की दुधाचं?

गोदाकाठी :
माणूस आणि जंतू जोडीने घडले, याचा पुरावा पंचवटीतल्या कुठल्याही घरी दह्याच्या सटात आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेच विरजण! त्यात मोठेपणीही दूध पचू देणारा जनुकबदल जनावरं पाळल्यावरच पसरला. अजून काय हवं?

सिन्नरकर :
सरमिसळ होतेय. तो बदल दुधामुळे पसरला. दह्यातले जंतू उलट लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, थोडं आधीच फोडतात, म्हणून तो बदल नसलेल्यांनाही दही सोसतं. विरजणाने त्याची गरज कमीच केली म्हणा. शिवाय दह्यातला बल्गेरिकस हा जंतू दुधाला इतका सरावलाय की झाडपाल्यावर जगायची बरीच जनुकं गमावून बसलाय. दही खाणं थांबलं की थोड्या दिवसांत आतड्यातून गायब. हे गव्हासारखं पाळणं झालं, जोडीने घडणं नव्हे.

खरी जोडी अंगावरच्या दुधात. त्यातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत. त्या जातात बायफिडो जंतूंना. ते त्या खाऊन ॲसिटिक आणि लॅक्टिक आम्ल सोडतात, आणि तशा आतड्यात रोगजंतूंना टिकणं जड जातं. माणूस, चिंपँझी, बोनोबो, गोरिला यांच्या विष्ठेतले जंतू २०१६ साली ताडून पाहिले, तेव्हा बायफिडोंची वंशावळ यजमानांच्या वंशावळीशी जुळली. आतड्यातल्याच लॅक्नोस्पिरेसी या दुसऱ्या जंतूकुळाची नाही जुळली.

नाचणीची आंबील :
‘तेच विरजण’ हेही नावापुरतंच. नाशिकच्या जानेवारीत, ओट्यावर २०-२२ अंशांत, गारव्यात वाढणारे लॅक्टोकॉकस जंतू पुढे सरतात. एप्रिलच्या उकाड्यात ऊब मानवणारे थर्मोफिलस. एकच चव टिकवायची तर उकळलेलं लिटरभर दूध ४२ अंशांवर येऊ द्या, दोन चमचे विरजण घाला, आणि घट्ट होईपर्यंत भांडं गुंडाळून ठेवा, हलवू नका. तरी लागलं नाही तर आधी गोठ्यात विचारा. दगडी (कासेची सूज) झालेल्या गाईला पेनिसिलिन दिलं असेल, तर त्याच्या अंशानेही थर्मोफिलसची वाढ खुंटते. दूध नुसतं उकळून ते औषध जात नाही.

गोदाकाठी :
बरं, विरजण सोडतो. पण सोबती हिताचाच असतो असंही धरू नका. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू माणसाबरोबरच आफ्रिकेतून निघाला. त्याच्या वाणांवरून स्थलांतराच्या वाटा शोधता येतात. आणि तोच जठरात व्रण करतो. मार्शल आणि वॉरेन यांना २००५ चं नोबेल त्यावरच मिळालं.

सिन्नरकर :
मान्य. तोही बहुधा लहानपणी घरातल्यांकडूनच लागतो, सटातून नाही. फक्त आता वारसा म्हणून नवजाताला मध चाटवण्याची बाजू घेऊ नका. वर्षाच्या आत मधातल्या बोट्युलिनम या विषारी जंतूच्या बीजाणूंचा धोका असतो. पहिल्या तासात चीकदूधच.